चाळीस बिटांचं कुलूप

आमच्या घरी एक जुनी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे. तिच्यावर दोन फोल्डर आहेत: ‘मामा लग्न’ आणि ‘बाबा पिक्चर’. दोन्ही २०१२ साली माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने बनवले. घरातल्या डीव्हीडी तेव्हा अडकायला लागल्या होत्या. प्लेअर मधेच ‘नो डिस्क’ म्हणायचा. दादाने एका दुपारी बसून त्यांच्यावरच्या फायली कॉपी-पेस्ट केल्या आणि ‘आता काही टेन्शन नाही’ असं जाहीर केलं. त्या डिस्का पुढे कुणीतरी गच्चीवर दोरीला बांधून कबुतरं हाकलायला लावल्या.

गेल्या दिवाळीत आई म्हणाली, “अण्णांचा आवाज मोबाइलवर घेऊन दे गं.” अण्णा म्हणजे आईचे वडील. ते २०१० मध्ये गेले. फोटो बरेच आहेत, पण आवाज फक्त २००७ च्या मामाच्या लग्नाच्या व्हिडिओत आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे घरात प्रिंटरपासून गीझरपर्यंत सगळं माझ्याकडेच येतं. म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे.

दोन दिवस गेले. लग्नाचा फोल्डर तुकड्यातुकड्यांत चालला आणि नेमका अण्णांच्या वाक्यात तुटला. ‘बाबा पिक्चर’ची तऱ्हा वेगळीच होती. फायली पूर्ण आकाराच्या होत्या, त्या उघडतही होत्या, पण पडद्यावर नुसते हिरवे-गुलाबी चौकोन नाचत होते. तोच दादा, तीच दुपार, तीच कॉपी-पेस्ट. मग एक फोल्डर अर्धवट का होईना चालतो आणि दुसऱ्याचा चिखल का होतो? हे शोधता शोधता मी नॉर्वेतल्या एका कोर्टात आणि पॅरिसजवळच्या एका हॉस्टेलात जाऊन पोचले.

डीव्हीडीचं पोट ज्यांनी कधी उघडून पाहिलं नाही (पंचविशीच्या आतल्यांनी पाहिलेलं असण्याचं काही कारणही नाही), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डिस्कवर ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर असतो. त्यात तीन जातींच्या फायली असतात. ‘व्हीओबी’ हा खरा माल. चित्र, आवाज आणि सबटायटल्स यांची एकत्र घातलेली वेणीच म्हणा. ‘आयएफओ’ म्हणजे अनुक्रमणिका: मेनू कुठे, कुठला भाग कुठून सुरू होतो, कशानंतर काय लावायचं. आणि ‘बीयूपी’ ही त्या अनुक्रमणिकेची हुबेहूब प्रत. एका ओरखड्यात दोन्ही जाऊ नयेत म्हणून ती शक्यतो डिस्कच्या वेगळ्या भागात ठेवतात.

व्हीओबी फाईल १ जीबीपेक्षा मोठी होऊ द्यायची नाही, असा नियम आहे. त्यामुळे दोन तासांचं लग्न पाच-सहा तुकड्यांत कापलं जातं. प्लेअरला हा काप जाणवत नाही, कारण डिस्कवर तुकडे एकमेकांना चिकटून असतात आणि अनुक्रमणिका त्यांना एक सलग पट्टी समजते. गोची अशी की दादाने लग्नाच्या डिस्कवरून फक्त व्हीओबी उचलल्या होत्या. “बाकीच्या केबीतल्या फायली होत्या, म्हटलं काय कामाच्या,” असं त्याचं आजही म्हणणं आहे. म्हणजे पुस्तकाची पानं आली, अनुक्रमणिका राहिली आणि शिवणही सुटली.

ते दुरुस्त करण्यासारखं होतं. हिरव्या चौकोनांची गोष्ट मात्र जुनी आहे.

१९९५ मध्ये जगात डीव्हीडी नव्हती, तिचे दोन उमेदवार होते. एकीकडे सोनी आणि फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा आणि टाइम वॉर्नर. व्हीएचएस आणि बीटामॅक्सची भांडणं पाहून विटलेल्या कॉम्प्युटर कंपन्यांनी दट्ट्या लावला, आयबीएम त्यात पुढे होती, आणि त्या वर्षअखेर एकाच फॉरमॅटवर समेट झाला. पहिले प्लेअर जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आले, अमेरिकेत मार्च १९९७ मध्ये.

हॉलिवुडला पिक्चर या तबकडीवर द्यायला भीती वाटत होती. भीतीचं कारण आपल्या आईवडिलांच्या पिढीला चांगलं ठाऊक आहे. व्हिडिओ कॅसेटची कॉपी काढली की चित्र थोडं फिकं यायचं. कॉपीची कॉपी आणखी फिकी. चौथ्या पिढीपर्यंत हिरो कोण आणि व्हिलन कोण हे आवाजावरून ओळखायला लागायचं. डिजिटल कॉपीला हे म्हातारपण नसतं, हजारावी प्रतही पहिल्यासारखीच. म्हणून स्टुडिओंनी अट घातली, आधी कुलूप दाखवा. ते कुलूप म्हणजे ‘कंटेंट स्क्रॅम्बल सिस्टिम’, म्हणजे सीएसएस. (वेबवाल्यांनो, तुमचं ते सीएसएस वेगळं. मीही पहिल्या दिवशी शोधताना रंग आणि मार्जिनच्या पानांवर जाऊन पोचले होते.)

कुलपाची रचना अशी. डिस्कवरचा पिक्चर एका किल्लीने घुसळलेला असतो. ती किल्ली डिस्कवरच असते, पण दुसऱ्या एका किल्लीने बंद केलेली. ही दुसरी किल्ली, डिस्कची मुख्य किल्ली, सुमारे चारशे छोट्या डब्यांमध्ये चारशे वेळा ठेवलेली असते आणि प्रत्येक डबा वेगळ्या किल्लीने उघडतो. प्लेअर बनवणाऱ्या कंपनीने परवाना घ्यायचा, करारावर सही करायची, की तिला तिच्या डब्याची किल्ली मिळणार. एखादी कंपनी बेइमान निघाली, तर पुढच्या डिस्कांवर तिचा डबा रिकामा ठेवायचा. कल्पना हुशार होती. माझ्या ऑफिसात आज कुणी हा आराखडा फळ्यावर काढला, तर मी पहिल्या पाच मिनिटांत मान डोलावली असती.

प्रत्येक किल्ली होती फक्त ४० बिटांची. त्याहून मजबूत कुलपं अमेरिकेबाहेर पाठवण्यावर तेव्हा निर्बंध होते. ४० बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. ऐकायला भरपूर वाटतं, कॉम्प्युटरला तितकं वाटत नाही. शिवाय आतलं गणित इतकं ढिलं होतं की हुशारीने गेल्यास त्यातल्या बहुतेक शक्यता तपासाव्याच लागत नाहीत, हे पुढे उघडकीला आलं.

आता त्या हिरव्या चौकोनांचं उत्तर. डिस्कवरचा डेटा २,०४८ बाइटांच्या कप्प्यांत असतो. सीएसएस लावलेल्या कप्प्यातले पहिले १२८ बाइट उघडे ठेवलेले असतात, घुसळण त्यानंतर सुरू होते. त्यामुळे साध्या प्लेअरला फाईल ओळखीची वाटते. नाव बरोबर, आकार बरोबर, कप्प्याचा माथा बरोबर. तो बिचारा विश्वासाने पुढे वाचतो आणि कचरा रंगवत सुटतो. कुलूपबंद डिस्कवरून फायली ओढून आणल्या की पिक्चर येतो, पण किल्ल्या येत नाहीत, कारण त्या कुठल्याच फाईलमध्ये नसतात. काही डिस्कच्या आतल्या कडेला, जिथे आपल्याला हात घालता येत नाही तिथे असतात, काही कप्प्यांच्या माथ्याच्याही मागे लपलेल्या. दादाने पेटी उचलून आणली, किल्ली गच्चीवर कबुतरं हाकलत राहिली.

मामाच्या लग्नाच्या डिस्कवर हे काहीच नव्हतं आणि असूही शकलं नसतं. बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या डीव्हीडीवर किल्ल्यांची ती जागा आधीच भरून टाकलेली असते, म्हणजे घरच्या बर्नरला तिथे काही लिहिताच येऊ नये. गावातल्या फोटोग्राफरने बर्न केलेली डिस्क म्हणूनच बिनकुलपाची.

सगळ्या प्रकरणातली मेख मला इथे दिसली. नकली डिस्कांचा कारखाना चालवणाऱ्याला पिक्चर बघायचाच नसतो. तो अख्खी डिस्क किल्ल्यांसकट जशीच्या तशी छापतो. छापलेली नक्कल कुठल्याही परवानाधारक प्लेअरमध्ये चालते, कारण किल्ल्याही जागच्या जागी असतात. कुलूप आडवं येतं ते पैसे देऊन डिस्क विकत घेतलेल्या माणसाला, त्याने ती आपल्या पसंतीच्या मशीनवर लावायची म्हटली की. कॉपी अडवण्यासाठी आणलेलं हे कुलूप प्रत्यक्षात बघण्यावर लागलं होतं.

अमेरिकेतून काकांनी आणलेल्या डिस्का आपल्याकडे न चालण्यामागे हाच कारभार होता. जगाचे भाग पाडले होते. अमेरिका १, आपण ५, आपल्या वाट्यात आफ्रिकेचा मोठा भाग आणि रशियाही. २००० पासूनच्या कॉम्प्युटर ड्राइव्हना रिजन बदलायची मुभा होती, पण फक्त पाच वेळा. पाचव्या बदलानंतर ड्राइव्ह जिथे असेल तिथेच मुक्कामाला.

आणि लिनक्स वापरणाऱ्यांना तर डबाच नव्हता. १९९९ मध्ये लिनक्सवर विकत घेतलेली डीव्हीडी लावायची परवानाधारक सोय उपलब्ध नव्हती. परवाना पैसे आणि गुप्ततेचा करार मागणार. ज्याचा सोर्स कोड जगाला उघडा आहे, त्या सॉफ्टवेअरने गुप्तता पाळायची कशी?

त्या वर्षी एका कंपनीने चूक केली. झिंग नावाची कंपनी विंडोजसाठी डीव्हीडी प्लेअर बनवायची. तिला मिळालेली किल्ली तिने आपल्या प्रोग्रॅमच्या आत नीट लपवली नव्हती. घराला भारी कुलूप आणि किल्ली चौकटीवर, त्यातला प्रकार. तीन जणांच्या एका टोळक्याने ती उचलली. त्यातल्या दोघांची नावं कधीच जाहीर झाली नाहीत. तिसरा, ज्याने वापरायला सोपा प्रोग्रॅम बनवून ऑक्टोबर १९९९ मध्ये इंटरनेटवर टाकला, तो नॉर्वेतला पंधरा वर्षांचा मुलगा. नाव यॉन लेक योहान्सेन. प्रोग्रॅमचं नाव डीसीएसएस.

त्यानंतर काही आठवड्यांतच फ्रँक स्टीव्हनसन याने सीएसएसच्या गणिताची चिरफाड प्रसिद्ध केली. कुणाचीच किल्ली चोरायची गरज नाही, असं त्याने दाखवलं. लाख कोटींच्या जागी सुमारे ३ कोटी ३५ लाख शक्यता तपासल्या, की डिस्कची मुख्य किल्ली मिळते. त्या काळच्या घरगुती पेंटियमवर मिनिटभराचंही काम नाही. चारशे डबे, करार, परवाने, सगळं त्या मिनिटात निकामी झालं. कुलूप जन्मल्यापासून तीनच वर्षं झाली होती.

२४ जानेवारी २००० ला नॉर्वेच्या आर्थिक गुन्हे शाखेने योहान्सेनच्या घराची झडती घेतली. त्याचे कॉम्प्युटर नेले, मोबाइलही नेला. तो तेव्हा सोळाचा. मी सोळाची असताना बाबांनी महिन्याभरासाठी माझा मोबाइल काढून घेतला होता आणि मला तो जगाचा अंत वाटला होता.

त्याच महिन्यात अमेरिकेत आठ स्टुडिओंनी न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. प्रतिवाद्यांत ‘२६००’ या हॅकर मासिकाचा संपादक एरिक कॉर्ली होता. त्याने डीसीएसएस लिहिलं नव्हतं, साइटवर ठेवलं होतं. कायदा होता १९९८ चा डीएमसीए. त्यात कुलूप फोडण्याचं साधन वाटणं हाच स्वतंत्र गुन्हा. आत शिरून तुम्ही काय करणार होतात, हा प्रश्न जवळपास गैरलागू. १७ ऑगस्ट २००० ला न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी स्टुडिओंच्या बाजूने निकाल दिला. प्रोग्रॅम ठेवायचा नाही, इतकंच काय, तो जिथे आहे तिथली लिंकही द्यायची नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये वरच्या कोर्टाने तो कायम केला.

योहान्सेन त्या खटल्यात साक्षीला गेला होता. तिथे एक अवघड मुद्दा आला, तो मी इथे लपवणार नाही. आपण हे लिनक्ससाठी केलं असं तो म्हणत होता, पण डीसीएसएस चालायचं विंडोजवर. त्याचं उत्तर होतं की लिनक्सला तेव्हा डीव्हीडीची फाइल सिस्टिम धड वाचता येत नव्हती, म्हणून आधी विंडोजवर करून पाहिलं. न्यायाधीशांना हे पटलं नाही. मला अर्धं पटतं. पंधराव्या वर्षी कुलूप दिसलं की ते उघडून बघावंसं वाटतं, त्यामागे एकच शुद्ध हेतू असतो असं मला माझ्या अनुभवावरून तरी वाटत नाही.

खटला सुरू झाल्यावर जे झालं ते मला फार आवडतं. कोड हा मजकूर आहे की यंत्र, या वादात प्रोग्रॅमर मंडळींनी तो कोड जमेल त्या रूपात लिहायला सुरुवात केली. कार्नेगी मेलनचे प्राध्यापक डेव्हिड टूरेट्झकी यांनी त्याचं एक संग्रहालयच ऑनलाइन मांडलं. कुणी तो टी-शर्टवर छापला. सेथ शोन याने अख्खा अल्गोरिदम हायकूंमध्ये बसवला. एमआयटीतल्या दोघांनी पर्ल भाषेत सात ओळींत आटपला. फिल कार्मडीने तर २००१ मध्ये हजाराहून जास्त अंकांची एक मूळ संख्या शोधली, जी बायनरीत लिहिली की या प्रोग्रॅमच्या सोर्स कोडची जीझिप फाईल होते. आता कोर्टाने करावं काय, मूळ संख्येवर बंदी?

नॉर्वेतला खटला सावकाश चालला. ७ जानेवारी २००३ ला ओस्लोच्या कोर्टाने योहान्सेनला निर्दोष सोडलं. कोर्टाची भूमिका साधी होती. डिस्क त्याने रीतसर विकत घेतलेली आहे, स्वतःच्या डिस्कवरचं स्वतः बघणं म्हणजे कुणाच्या घरात घुसणं नव्हे. सरकारी पक्ष अपिलात गेला, डिसेंबर २००३ मध्ये तिथेही हरला आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात त्याने प्रकरण सोडून दिलं. म्हणजे त्याच तीन वर्षांत त्याच प्रोग्रॅमबद्दल दोन देशांच्या न्यायालयांनी दोन टोकांचे निकाल दिले.

आता हॉस्टेल. पॅरिसजवळच्या एकोल सेंत्राल या इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॅम्पसमधलं नेटवर्क नव्वदच्या दशकाच्या मध्याला इतकं हळू होतं की पोरांना धड गेमही खेळता येत नव्हते. नवीन नेटवर्कला पैसे हवेत, पैशाला कारण हवं. १९९६ मध्ये त्यांनी कारण शोधलं: उपग्रहावरचा टीव्ही एका डिशवर घ्यायचा आणि नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत दाखवायचा. नेटवर्क आलं आणि व्हिडिओचा प्रकल्पही उरला. त्याचं नाव व्हिडिओलॅन. १९९८ मध्ये विद्यार्थ्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून लिहिला आणि कॉलेजचं मन वळवून १ फेब्रुवारी २००१ ला त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. व्हिडिओलॅन क्लायंट, म्हणजे तुमच्या-माझ्या फोनवरचा व्हीएलसी. त्याच्या आयकॉनवरचा रस्त्यावरचा नारंगी शंकूही हॉस्टेलचाच. नेटवर्क सांभाळणाऱ्या मुलांनी खोलीवर असे शंकू जमा केले होते. ते तिथे कसे आले, हे इंजिनिअरिंग हॉस्टेलात राहिलेल्या कुणालाही विचारायची गरज पडणार नाही.

याच प्रकल्पात ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ नावाची छोटी लायब्ररी तयार झाली. डिस्क कुलूपबंद असेल तर ती किल्ली शोधते, आणि तिला चोरलेल्या किल्लीचीही गरज नाही. ड्राइव्ह मदत करत नसेल, तर ती थेट घुसळलेल्या डेटाकडे बघते. आठवतं, प्रत्येक कप्प्याचे पहिले १२८ बाइट उघडे असतात? त्या उघड्या भागाच्या शेवटी एखादी नक्षी पुन्हा पुन्हा येत असेल, तर पडद्याआडही तीच पुढे चालू असणार, असं ती गृहीत धरते आणि त्यावरून उलट हिशोब करून किल्ली काढते. साडीचा काठ दिसला की पदराचा अंदाज येतो, तसं. आजही अनेक लिनक्स वितरणं ही लायब्ररी सोबत देत नाहीत, वापरणाऱ्याने वेगळी घ्यायची. अमेरिकेतल्या त्या निकालाची सावली अजून आहे.

आपल्याकडे ही भांडणं पोचेपर्यंत डीव्हीडी घराघरात शिरली होती. मोझर बेअरने २००७ मध्ये व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा फुटपाथवरच्या ‘एकात पाच’ डिस्कवाल्यांचा धंदाच हलला. नकली मालावरचा तो उपाय मला चारशे डब्यांपेक्षा अकलेचा वाटतो. पुढे ती कंपनीच बुडाली, २०१८ मध्ये ती अवसायनात काढायचा आदेश झाला. (बाबांची डिस्क मात्र दुसऱ्याच कुणाची आणि चांगली महागातली होती. म्हणून तर दोन दिवस भांडण झालं होतं.)

भारताने कुलपाचा कायदा केला २०१२ मध्ये, कॉपीराइट कायद्यात ६५ए हे कलम घालून. गंमत म्हणजे दादा कॉपी-पेस्ट करत बसला होता तेच वर्ष. कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण आपल्या कलमात एक शर्त आहे, जी अमेरिकेच्या कायद्यात नाही: फोडणाऱ्याचा हेतू हक्क बुडवण्याचा असला पाहिजे. आणि कायद्याने ज्याला उघडपणे मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप काढलं, तर हे कलम आड येत नाही. खाजगी वापरासाठी रास्त व्यवहाराची मुभा कायद्यात आधीपासून आहेच. मी वकील नाही. पण मला वाचून वाटलं, हे लिहिणाऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांसमोर ओस्लोचं कोर्ट असावं.

एवढं करून २०२२ मध्ये व्हीएलसीची साइटच भारतात बंद झाली. फेब्रुवारीच्या सुमारास ती उघडेनाशी झाली, कारण जाहीर केलं गेलं नाही. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने व्हिडिओलॅनने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. त्या नऊ महिन्यांत व्हीएलसी हवा असलेल्या लोकांनी तो कुठल्या कुठल्या साइटवरून उतरवला असेल, या विचाराने माझ्यातल्या इंजिनिअरच्या पोटात गोळा येतो.

तर, हार्ड डिस्क.

‘बाबा पिक्चर’ सोपा निघाला. या फोल्डरमध्ये दादाने निवडानिवड न करता सगळंच ओढून आणलं होतं, त्यामुळे अनुक्रमणिका जागेवर होती. एकेक फाईल उघडायच्या ऐवजी व्हीएलसीला अख्खा फोल्डर ‘डिस्क’ म्हणून उघडायला सांगितला. तो थोडा वेळ गप्प बसला. मग चौकोन गेले आणि नावं यायला लागली. बाबांनी पंधरा मिनिटं उभ्यानेच पाहिला आणि “प्रिंट एवढी बरी नव्हती तेव्हा” म्हणून चहा ठेवायला गेले.

लग्नाचं खरं दुखणं दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या सांध्यावर होतं. दुसऱ्या फाईलच्या अगदी शेवटी कॅमेरावाला अण्णांना म्हणतो, “अण्णा, नवरा-नवरीला दोन शब्दांत आशीर्वाद द्या.” अण्णा कॅमेऱ्याकडे बघतात आणि म्हणतात, “आरं पोरा, तू…” फाईल संपते. तिसरी सुरू होते ती “…का न्हाई?” वर, आणि मग आजूबाजूचे हसतात. मधला शब्द नाही. मूळ डिस्कवर तो नक्की असणार, पण इतक्या वर्षांत कुणाला आठवेना. मामाचं ठाम मत, अण्णा त्याच्यावर खेकसले: “तू थांबतोस का न्हाई?” अण्णांना कॅमेरा आवडायचा नाही, हे सगळ्यांना माहीत. मावशीच्या मते “ऐकतोस का न्हाई”. घरात हे वाक्य म्हणच झालं होतं. कुणी फोटो काढायला लागलं की दुसरा म्हणणार, आरं पोरा, तू थांबतोस का न्हाई.

शब्द गेला होता कुठे? डीव्हीडीवरच्या चित्रात प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र येतं, मधल्या फ्रेम फक्त काय बदललं तेवढं सांगतात. फाईल मधूनच सुरू झाली तर प्लेअर पहिल्या पूर्ण चित्राची वाट बघतो आणि तोपर्यंतचं टाकून देतो. आमच्या जुन्या लॅपटॉपवरचा प्लेअर त्यासोबत आवाजही टाकून देत होता. फाईलच्या शेवटीही त्याची तीच घाई. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे असे गळत होते. फाईलमध्ये मात्र एकही बाइट कमी नव्हता.

मग मी विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘कॉपी’ कमांडला ‘/बी’ लावून सगळ्या व्हीओबी एकापाठोपाठ एक जोडल्या. एवढंच. शिवण परत घातली. जोडलेली फाईल लावली, बदामांच्या आकारातून उमटणारी नवरी आणि सनईवर चढवलेलं सिनेमाचं गाणं पुढे ढकलत पंगतीच्या आधीच्या त्या जागेवर आले.

“आरं पोरा, तू जेवलास का न्हाई?”

आईला मी तीनदा लावून दाखवलं. चौथ्यांदा तिने स्वतः लावलं. हँडब्रेकने त्याची एमपी४ केली, वीस सेकंदांचा तुकडा कापला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. मावशीने रडके इमोजी पाठवले. मामाचा बराच वेळ काहीच रिप्लाय नाही, दोन निळ्या टिका फक्त. रात्री त्याचा फोन आला. कॅमेरावाला त्याच्याच ओळखीचा, बारावी नापास झालेला पोरगा होता, पहिलीच ऑर्डर होती, हळदीपासून नुसता पळत होता, हे सगळं त्याला आता आठवत होतं.

“मग जेवला का तो?” आईने स्पीकरवरून विचारलं.

मामाला माहीत नव्हतं. मी पुढे जाऊन पाहिलं. त्या हसण्यानंतर कट आहे आणि थेट वरात सुरू होते.